मोजमाप : थांबायची ताकद कुणाकडे?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले : ‘आपल्याकडे टेंडर लागतं म्हणजे काम मिळत नाही, उधारी मिळते.’ त्यावर पत्रं आली, त्यातली दोन चांगलीच चिडलेली. म्हणून या वेळी सगळे प्रश्न बांधकामाच्या धंद्याबद्दलचेच घेतले आहेत. भिंतीतली ओल, गच्चीची गळती आणि वास्तुशास्त्र पुढच्या अंकात. (वास्तुशास्त्रावर माझं उत्तर दर वेळी तेच असतं, तरी प्रश्न येतातच.)

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी एकतीस वर्षं ठेकेदारांकडे बिलिंग इंजिनिअर होते. साइटवर झालेलं काम मोजायचं, ते एमबीत, म्हणजे मोजमापाच्या सरकारी वहीत, चढवून घ्यायचं आणि पैसे हातात येईपर्यंत लोकांच्या पायऱ्या झिजवायच्या. मी पूल बांधले असं कधी म्हणत नाही. पुलांची बिलं काढली.

मुलगा बी. ई. सिव्हिल आहे. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली. आमच्याकडचं एक रस्त्याचं काम नुकतंच २२ टक्के बिलोने, म्हणजे अंदाजपत्रकाहून तेवढं खाली, गेलं. हे परवडतं कसं? मुलाने या धंद्यात पडावं का? — एक वडील, कराड

काका, आधी बावीस टक्क्यांचा हिशेब करू. सरकारी अंदाजपत्रकातला दर हवेतून येत नाही. माल, मजुरी, यंत्र यांची बेरीज करून वर ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च घालतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणात हा भाग १५ टक्के धरतात. आपल्या राज्याची दरसूची वेगळी, पण घडण त्याच जातीची. आता हे पंधरा टक्के खर्चावर असतात, एकूण रकमेवर नव्हे. नवी पोरं हमखास इथे चुकतात. शंभर रुपयांच्या अंदाजपत्रकात खर्च सत्त्याऐंशी आणि ठेकेदाराचे तेरा. बावीस खाली गेलेला माणूस तेच काम अठ्ठ्याहत्तरला करायला निघालाय. म्हणजे कागदावर तो शंभरामागे नऊ रुपये घरचे घालतोय.

घरचे कुणी घालत नाही. मग कुठून निघतात? काही वाटा सरळ आहेत. अंदाजपत्रकात खडी चाळीस किलोमीटरवरून येणार असं धरलेलं असतं आणि या गड्याची स्वतःची खाण बारा किलोमीटरवर असते. लीड म्हणजे माल आणायचं अंतर. याला आम्ही ‘लीड खाणं’ म्हणतो, आणि त्यात गैर काही नाही. त्याचं टिपर, त्याचा रोलर, त्याचा पेव्हर कर्जफेड होऊन मोकळा झालेला असतो, त्यामुळे यंत्राचं भाडं तो धरतच नाही. काहींची यंत्रं उलट हप्त्यावर असतात. यंत्र उभं राहिलं तर हप्ता चुकतो, म्हणून तोट्यातलं काम घेऊन का होईना, चाक फिरतं ठेवायचं. आणि मग वाकड्या वाटा. ७५ मिलिमीटरच्या थराला ६० टाकायचा. त्यावर मी काय सांगू, तुमच्या तालुक्यातला रस्ता पहिल्या पावसानंतर तुम्हीच बघा.

ठरावीक टक्क्यांच्या खाली दर भरला की जादा सुरक्षा ठेव मागतात, ती याच भीतीपोटी. पण ठेव भरू शकणारा माणूस चांगलं काम करतो, असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच्याकडे ठेव आहे, एवढंच कळतं. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात सूचना काढल्या, की काही विशेष कामांत फक्त दर न पाहता गुणवत्तेलाही गुण द्यावेत, जास्तीत जास्त ३० टक्के. चांगली गोष्ट आहे. पण तालुक्याच्या मोरीपर्यंत, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या पुलापर्यंत, ती पोचायची आहे. तिथे अजून एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला.

आता तुमच्या मुलाचं. त्याला बी-वन आणि बी-टू यांतला फरक माहीत असेलच : पहिल्यात सगळ्या कामाला मिळून एकच टक्का वर-खाली सांगायचा, दुसऱ्यात बाबवार दर भरायचे. ते परीक्षेपुरतं. धंद्यासाठी त्याला दुसरं गणित यायला हवं. बिल पास झालं तरी सगळं हातात येत नाही. सुरक्षा ठेव कापतात, आयकर कापतात, जीएसटीचे दोन टक्के कापतात, कामगार उपकराचा एक टक्का जातो, मुरूम-खडीचे पास दिले नाहीत तर रॉयल्टी, म्हणजे खनिजावरचं सरकारी शुल्क, जाते. यातलं काही परत मिळतं, पण पुढच्या वर्षी किंवा दोष-दायित्वाची, म्हणजे दोष निघाला तर दुरुस्त करून द्यायची, मुदत संपल्यावर. आणि हे सगळं, मुळात निधी आला तर.

माझी एक गोष्ट सांगते. १९९८ साली एका दुष्काळी तालुक्यात आम्ही मोरी बांधली. छोटं काम. शेवटच्या मोजणीला शाखा अभियंता जीपमधून आले, मी टेपचं एक टोक धरलं, शिपायाने दुसरं. कठड्याची उंची ६० सेंटिमीटर लिहिली होती, टेपवर ५८ भरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यांनी ५८ लिहिलं. दोन सेंटिमीटरचे पैसे गेले आणि ते जायलाच हवे होते. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. पण त्या अचूक मोजलेल्या अठ्ठावन्न सेंटिमीटरचे पैसे यायला चौदा महिने लागले. ‘तरतूद नाही’ एवढंच उत्तर. तेवढ्यात आमच्या मालकांनी मिक्सर विकला. बिल आलं तेव्हा हिशेब केला, तर मिक्सर विकून जेवढे आले होते जवळजवळ तेवढं व्याजात गेलं होतं.

तेव्हा, पडू दे त्याला धंद्यात, पण आधी दोन वर्षं कुणाकडे तरी बिलिंग करू दे. आणि टेंडर भरण्याआधी नकाशा पाहायच्या अगोदर लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या सरकारी खात्यातून येणार ते, पाहायला शिक म्हणावं. कामाला किती निधी मंजूर आहे आणि या वर्षी किती वाटप झालंय हे ज्याला विचारता येतं, तो टिकतो. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरचे ठेकेदार रस्त्यावर उतरले होते, ते तुम्ही वाचलं असेल.

आम्ही रक्ताचं पाणी करून कामं करतो आणि तुम्ही मासिकात बसून ठेकेदाराला चोर ठरवता. — एक ठेकेदार, नाशिक

दादा, एकतीस वर्षं तुमच्याच मीठभाकरीवर काढली. वरचं उत्तर वाचा आणि सांगा, मी चोर कुणाला म्हटलं? २०२० मध्ये सळई चाळीस हजारांच्या घरात टनाला मिळत होती. २०२२ च्या एप्रिलात सत्तर हजारांच्या वर गेली, इतकी की मे महिन्यात केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के कर बसवला. त्या काळात वर्षाच्या आतली मुदत असलेल्या, भाववाढीचं कलम नसलेल्या कामात जो अडकला, त्याने काय करायचं होतं? माझ्या ओळखीचे दोघे तेव्हा धंद्यातून उठले. दोघेही कामाचे चोख. जो उरला तो त्यांच्याहून चोख होता म्हणून उरला नाही. त्याच्या मेव्हण्याची पतसंस्था होती.

पिंपरीत फ्लॅट बुक केलाय. बिल्डर नावाजलेला. पण साइटवर गेलो तर बिल्डरचा एकच पोरगा हेल्मेट घालून उभा, बाकी दहा ठिकाणचे दहा ठेकेदार. आमची इमारत नक्की बांधतंय कोण? — एक जोडपं

कागदावर बिल्डर. प्रत्यक्षात तो सोडून सगळे.

बिल्डर जमीन आणतो, मंजुरी आणतो, पैसा उभा करतो आणि फ्लॅट विकतो. त्याच्याखाली मुख्य ठेकेदार. त्याच्याखाली सेंट्रिंगवाला, फिटर म्हणजे सळई बांधणारा, गवंडीकाम, प्लंबिंग, लाइट, टाइल, पीओपी, रंग. प्रत्येकाचा एक लेबर कॉन्ट्रॅक्टर, त्याच्याखाली मुकादम, मुकादमाखाली टोळी. आणि टोळ्यांचेही मुलूख ठरलेले. माझ्या साइट्सवर मातीकाम आणि काँक्रीटला महबूबनगरकडचे लोक असायचे, ज्यांना सगळे ‘पालमूर लेबर’ म्हणतात. सळईला बंगालमधल्या माल्द्याचे, टाइलला राजस्थानचे. दगडाला आपले वडार. आता दगडच राहिला नाही.

एवढे थर कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. मधले पैसे खायला, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धंच खरं आहे. माझ्या २०१४ च्या वहीतून एका साइटचं आतल्या प्लास्टरचं उदाहरण देते, नुसत्या मजुरीचं. मालकाकडून मुख्य ठेकेदाराला चौरस मीटरला १६५ रुपये. त्याने खालच्याला १३० ने दिलं. त्याने मुकादमाला १०५ ने. एक गवंडी आणि एक बिगारी दिवसाला साधारण बारा चौरस मीटर ओढतात. म्हणजे वरून निघाले १९८० रुपये, मुकादमापाशी आले १२६०. त्यातले गवंड्याला ६५०, बिगाऱ्याला ४००, मुकादमाला २१०.

आता मधल्या ९३० रुपयांना नुसतं ‘दलाली’ म्हणून मोकळं होता येत नाही. त्यात पहाड-बांबू आहेत, सुपरवायझर आहे, पत्र्याच्या खोल्या आहेत, भिंत पुन्हा करायला लागली तर तेही आहे. पण सगळ्यात मोठी गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे थांबणं. मुख्य ठेकेदाराचं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, निघायला दोन महिने. तो खालच्याला आपलं बिल निघाल्यावर देणार. गवंड्याचं पोट मात्र आठवड्याला मागतं. म्हणून मुकादम दर रविवारी खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चापुरते पैसे, वाटतो, कामावर आणायच्या आधी गावात उचल देतो. हे पैसे तो कुणाकडून तरी व्याजाने आणतो. आणि ज्याला सगळ्यात कमी थांबता येतं, त्याचाच हिशेब सगळ्यात शेवटी होतो. एका साइटवर टोळी गावी निघाली त्या सकाळी मी फरकाच्या मोजणीचे कागद घेऊन गेले होते. बायका भांडी पोत्यात बांधून तयार, गाडी सुटायला दोन तास, आणि मुकादम म्हणतोय, मॅडम, नऊ खोल्या धरा, दहावीचं पुढच्या वेळी बघू. दहावी खोली झालेली होती. त्याला माहीत होतं, की ती मोजायला थांबला तर गाडी चुकेल. मी ती मोजली, पण धावत. आतल्या कोनाड्यांचे चार-सहा मीटर माझ्याकडून राहिलेच असणार.

तुमची इमारत उंच असेल तर साइटवर ‘मायवान’ हा शब्द कानावर पडेल. जेसीबीसारखंच ते एका कंपनीचं नाव होतं, पुढे वस्तूचंच झालं. अॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. आठ-दहा दिवसांत मजला. वीटकाम जवळजवळ नाही, प्लास्टर नाममात्र. म्हणजे गवंड्याचे थर एका झटक्यात कमी. मग सगळे हेच का वापरत नाहीत? कारण साच्यांचा पैसा पहिल्या दिवशी घालावा लागतो आणि तो तेव्हाच वसूल होतो जेव्हा तोच साचा मजल्यामागून मजले फिरतो. चार मजल्यांच्या इमारतीला ते परवडत नाही. हातात भांडवल असलेला वेगाने बांधतो, नसलेला माणसं लावून बांधतो. कौशल्याचा प्रश्न नंतर येतो.

तुमच्या कामाचं उत्तर एका ओळीत आहे. प्लास्टर कुणी केलं, टाइल कुणी लावली, हे शोधत बसू नका. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष निघाला आणि तुम्ही कळवलंत, तर ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून देणं प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची जबाबदारी आहे. खाली दहा थर असोत की शंभर. कळवायचं मात्र लेखी. त्या हेल्मेटवाल्या पोराला तोंडी सांगणं म्हणजे कळवणं नव्हे.

मेट्रो, समुद्रावरचा पूल, काहीही असो, कंपनीच्या नावाला जोडून एखादं चिनी, जपानी, तुर्की नाव असतंच. आपल्या इंजिनिअरांना येत नाही का? — एक निवृत्त शिक्षक, ठाणे

गुरुजी, येतं. पण ‘येतं’ हे टेंडरला सिद्ध करून दाखवावं लागतं, आणि तिथे घोळ आहे.

मुंबईची मेट्रो तीन घ्या. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखालून. २०१६ मध्ये सात पॅकेजं दिली गेली. एल अँड टीबरोबर शांघाय टनेल, हिंदुस्तान कन्स्ट्रक्शनबरोबर मॉस्को मेट्रोस्ट्रॉय, हैदराबादच्या सोमाबरोबर तुर्कस्तानची दोगुस, मुंबईच्या जे. कुमारबरोबर चीनची रेल्वे टनेल ग्रुप. कारण असं, की शहराखाली एवढा बोगदा खणल्याचा दाखला हवा, आणि बोगदा खणल्याशिवाय दाखला मिळत नाही. मग ज्याच्याकडे दाखला आहे त्याला भागीदार घ्यायचं. खाली उतरून काम करणारे बहुतेक आपलेच असतात. त्या मार्गावर सतरा टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारी यंत्रं, चालली. पुढच्या टेंडरला तो अनुभव आपल्या कंपनीच्या नावावर लागतो.

आणि लागलाही. बुलेट ट्रेनचा मुंबई बाजूचा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, हे काम अॅफकॉन्सला मिळालं. गुजरातेतला २३७ किलोमीटरचा पट्टा २०२० मध्ये एकट्या एल अँड टीने घेतला, जवळजवळ २५ हजार कोटींचा. अटल सेतूला मात्र पोलादी डेकसाठी जपानी कंपनी होती, आणि कर्जही जपानचं होतं. कर्ज देणारा आपल्या गावच्या सुताराचं नाव सुचवतो, यात नवल ते काय.

हे काही आजचं नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांनी रेल्वेची ठेकेदारी सुरू केली, तेव्हा मोठी कामं साहेबाच्या कंपन्यांकडे होती. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन निघाली १९२६ मध्ये. एल अँड टी तर मुंबईत दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये काढली. परक्यांकडून शिकण्याची आपल्याला लाज वाटायचं कारण नाही.

आपण मागे पडतो ते दुसरीकडे. आपल्याकडे हात स्वस्त आहेत, म्हणून यंत्र महाग वाटतं. २०१० च्या सुमारास मी आमच्या मालकांना सांगितलं, सळई कापायचं-वाकवायचं यंत्र घेऊ, तुकडे वाया जाणं कमी होईल. त्यांनी दोन मिनिटांत तोंडी हिशेब करून दाखवला, की तेवढ्या पैशात सहा फिटर दीड वर्ष पोसता येतात. हिशेब बरोबर होता. त्याच साइटवरचा आमचा फोरमन पुढे दुबईला गेला. सुट्टीवर आला तेव्हा सांगत होता, तिथे सळई कारखान्यातून मापाने कापून, वाकवून, बिल्ला लावून येते. आपण फक्त बांधायची. तोच माणूस, तेच हात. इथे दिवसभर उन्हात हाताने सळई वाकवायचा. परदेशात आपले लोक स्पर्धेत टिकतात आणि इथे आपलं काम मुदतीत होत नाही, त्याचं गौडबंगाल मला तरी त्या बिल्ल्यात दिसतं.

रस्ते बांधणाऱ्या कंपन्यांच्या ऑर्डर बुकचे, म्हणजे हाती असलेल्या कामांचे, मोठमोठे आकडे येतात. शेअर घ्यावेत का? — बँकेतून निवृत्त, सांगली

शेअरचं मला काही कळत नाही आणि विचारायची ही जागा नव्हे. पण तुम्ही बँकेत होतात, म्हणून सांगते : ऑर्डर बुक मिटवा, ताळेबंदातली येणी उघडा. रस्त्यांत २०१६ पासून हायब्रीड अॅन्युइटी नावाची पद्धत आली. बांधताना सरकार ४० टक्के देतं, उरलेले ६० कंपनी उभे करते आणि ते तिला पंधरा वर्षांत हप्त्याने मिळतात. म्हणजे ठेकेदार आधी सावकार होतो. त्यात तंटा झाला तर लवाद, लवाद जिंकला तर अपील. पैसे अडकून कंपन्या बुडायला लागल्या, तेव्हा २०१६ मध्ये केंद्राने ठरवलं, की लवादाचा निकाल ठेकेदाराच्या बाजूने लागला आणि सरकारने अपील केलं, तरी बँक गॅरंटी घेऊन ७५ टक्के रक्कम द्यायची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच प्रश्नावर निकाल दिला. अर्जदार होती हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन, वर आलेली तीच. नव्वदी ओलांडलेल्या कंपनीला कोर्टात जाऊन सांगावं लागलं, की आमचे पैसे द्या. मग माझ्या मोरीवाल्या मालकांचं काय घेऊन बसलात.

सगळ्या सिमेंट कंपन्यांचे भाव एकाच आठवड्यात कसे वाढतात? — एक वाचक, अकोला

हा प्रश्न स्पर्धा आयोगालाही पडला होता. २०१२ मध्ये आयोगाने संगनमताच्या आरोपाखाली अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींहून जास्त दंड ठोकला. कंपन्या अपिलात गेल्या, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तोवर कंपन्याच कमी होत चालल्या आहेत; अंबुजा आणि एसीसी २०२२ मध्ये अदानींकडे गेल्या. सिमेंट जड आणि स्वस्त, लांब नेलं की भाडंच त्याला खातं. त्यामुळे देशात कारखाने कितीही असले, तरी तुमच्या अकोल्याच्या दुकानदाराला निवड चार-सहा नावांतच करायची असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला. त्यानंतरचं तुमचं पोत्याचं बिल आणि आधीचं बिल शेजारी ठेवून मूळ भाव बघा. मलाही कळवा.

माझा भाऊ पुण्यात सेंट्रिंगचं काम करतो. दर चार महिन्यांनी साइट बदलते, मुकादमही बदलतो. कामगार मंडळात नोंदणी करायला ठेकेदाराचा दाखला मागतात आणि ठेकेदार देत नाही. — एक बहीण, उदगीर

ताई, तो का देत नाही ते आधी समजून घ्या. दाखला दिला म्हणजे ‘हा माझा कामगार’ असं लेखी झालं. मग अपघात, भविष्यनिर्वाह निधी, किमान वेतन, सगळं त्याच्या दारात येतं. वर सांगितलेल्या थरांचा हाही एक उपयोग आहे : शेवटच्या माणसाचा मालक कोण, हे कुणालाच सांगता येत नाही.

पण त्याच्या नावाचे पैसे जमा होतायत, हे भावाला सांगा. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चाचा एक टक्का उपकर कापला जातो. वर ठेकेदाराच्या बिलातून जाणारा एक टक्का म्हणाले ना, तोच. नोंदणीला अट अशी, की वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम. हे नव्वद दिवस एकाच ठेकेदाराकडे भरायला हवेत असं नाही. ठेकेदार दाखला देत नसेल तर ग्रामसेवक किंवा महापालिकेचा अधिकारीही तो देऊ शकतो. मात्र पुरावा लागतो, आणि तो भावानेच गोळा करायला हवा. एक साधी वही करायला सांगा : तारीख, साइटचा पत्ता, मुकादमाचं नाव, मिळालेली खर्ची. खर्ची मोबाइलवरून येत असेल तर उत्तमच, ती नोंद कुणाला पुसता येत नाही. साइटच्या फाटकावर परवानगीची पाटी असते, तिचा एक फोटो काढायचा. आणि दाखल्याचे पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याच्या नादी लागू नका. नव्वद दिवस न भरलेल्यांचे दाखले तिथेच विकले जातात, आणि त्याची झळ भरलेल्यांना बसते.

घराचं काम काढलंय. दुकानदार म्हणतो, सळई वजनाने घेऊ नका, नगाने घ्या, स्वस्त पडेल. घेऊ का? — एक गृहिणी, चिपळूण

घेऊ नका, निदान काट्यावर चढवल्याशिवाय नको.

सळईचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे. व्यासाचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, मीटरला किती किलो ते येतं. १२ मिलिमीटरची सळई : १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. बारा मीटरच्या नगाचं वजन १०.६६ किलो भरायला हवं. भारतीय मानकाप्रमाणे या जाडीत पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे साधारण १०.१ किलोपर्यंत. नगाने विकताना पूर्ण वजनाचा भाव लावायचा आणि हाती साडेनऊ किलोची सळई द्यायची, ही जुनी हातचलाखी आहे. दिसायला बारा एमएमच. पण सळई पातळ निघाली, की पैसे जातात ते जातातच, स्लॅबमध्ये लोखंडही तेवढं कमी बसतं.

जालन्याला सळईच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल कितीतरी आहेत. त्यात चांगला माल काढणारे आहेत आणि भावाच्या मारामारीत सळई बारीक निघावी म्हणून रोल घट्ट करणारेही आहेत. नावावर जाऊ नका. आयएसआयचा शिक्का, सळईवर उठवलेलं नाव आणि मिलचा टेस्ट रिपोर्ट मागा. गाडी आली की भरलेली काट्यावर न्या, रिकामी करून पुन्हा न्या, दोन्ही पावत्या ठेवा. मग गाडीतले कुठलेही पाच नग उचलून पूर्ण लांबी टेपने मोजा. बारा मीटरची सळई पावणेबारा भरते कधीकधी. टेपचं दुसरं टोक गाडीवाल्याच्या हातात देऊ नका, घरातल्या कुणाला तरी धरायला लावा.